ठरावकाकांची कच्ची वही

ती घटना आजही आठवते, आणि आठवते ती सोनचाफ्याच्या वासासकट. माझ्या केबिनमधल्या लोखंडी कपाटात तेव्हा बारा दिवस एक वही पडून होती. वहीच्या पानांत खुणेसाठी चाफ्याची फुले घातलेली होती. ती सुकली होती, पण कपाट उघडले की वास खोलीभर पसरायचा. आमचे हवालदार म्हणायचे, "साहेब, ठाण्याचं देऊळ झालं बघा. आता आरोपीसुद्धा चपला बाहेर काढून येतील."

मी सेवानिवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. विरारला फुलपाड्यात राहतो. सकाळी फिरून आले की आमच्यासारखी चार रिकामी माणसे कट्ट्यावर बसतात आणि मला जुन्या केसेस सांगायला लावतात. मीही रंगवून सांगतो. ही एक केस मात्र मी कोणाला सांगितली नाही. हिच्यात रक्त सांडले नाही, अटक झाली नाही, गुन्हासुद्धा दाखल झाला नाही. सरकारी दप्तरात या प्रकरणावर चार ओळींचा एक शेरा आहे. तो माझ्या हातचा आहे आणि तो खोटा आहे. म्हणून हे लिहितो. नावे कोणाचीच लिहीत नाही. ज्यांना ओळख पटायची त्यांना पटेलच.

त्या वेळी मी वसई भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सगळ्या नोकरीतली ती माझी आवडती नेमणूक. सकाळी हजेरी झाली की ठाणे अंमलदार स्टेशन डायरी उघडून बसायचा आणि समोरच्या बाकावर तक्रारदार जमायला लागायचे. कोणाचे नारळ शेजाऱ्याने उतरवले, कोणाचे कुंपण हातभर सरकले, कोणाच्या विहिरीवरचा पंप गेला. भांडता भांडता दोघेही एकाच पाववाल्याकडून पाव घेऊन घरी जायचे. गणपतीच्या बंदोबस्ताला चर्चच्या मंडळींनी आम्हाला चहा पाजायचा आणि चर्चच्या सणाला गणपती मंडळाच्या पोरांनी रस्ता मोकळा करून द्यायचा. वसईच्या कोर्टात तारखेला गेलो की येताना मी मुद्दाम वाड्यांमधल्या रस्त्याने यायचो. केळीच्या बागा, पाटाचे पाणी, टोपल्या डोक्यावर घेऊन चाललेल्या बाया. गाडी हळू चालवायला सांगायचो. आज त्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना इमारती आहेत.

आमच्या हद्दीत एक खासगी विद्यापीठ होते. त्याची सुरुवात भुईगावच्या एका गुरुजींनी दोन खोल्यांच्या शाळेपासून केली होती. शाळेचे कॉलेज झाले, कॉलेजाची कॉलेजे झाली, ट्रस्ट वाढला आणि शेवटी विद्यापीठाची पाटी लागली. तोवर गुरुजी म्हातारे होऊन घरी बसले होते. ट्रस्टचे अध्यक्ष विद्यापीठाचे कुलपती झाले. कारभार पाहायला तेरा जणांचे नियामक मंडळ होते. त्यात डॉक्टर होते, वकील होते, व्यापारी होते, दोन निवृत्त प्राध्यापक होते. मंडळाच्या सभेची नोटीस काढायची, ठराव जपायचे, पत्रव्यवहार करायचा, हे काम कुलसचिवांचे. आणि सभेत बसून प्रत्यक्ष ठराव लिहायचे काम एका साध्या लिपिकाचे. त्यांना सगळे ठरावकाका म्हणत.

एक दिवस कुलसचिव टाइप केलेला अर्ज घेऊन ठाण्यात आले. मंडळाच्या ठरावांची वही चोरीला गेली होती आणि संशय ठरावकाकांवर होता.

"साहेब, घरचाच माणूस आहे हो, म्हणून वाईट वाटतं," कुलसचिव म्हणाले. "पण वही त्यांच्याच कपाटात असायची. किल्ली त्यांच्याकडे."

"वहीत असं काय आहे?"

"विद्यापीठ झाल्यापासूनचे सगळे ठराव. शेवटच्या सभेची ऑफिस कॉपी नशिबाने आमच्याकडे आहे. अर्जाला जोडली आहे."

त्या शेवटच्या सभेची कुजबुज माझ्याही कानावर होती. नवे कुलगुरू निवडायचे होते. निवड समितीने नावे दिली होती. त्यातल्या एक होत्या वनस्पतिशास्त्राच्या मॅडम. याच भागातल्या, पहिल्या कॉलेजपासून शिकवणाऱ्या. दुसरे नाव कुलपतींच्या जावयाचे. कुलसचिवांच्या म्हणण्याप्रमाणे सभेने निवडीचे सर्वाधिकार कुलपतींना दिले आणि कुलपतींनी जावयाला नेमले. मॅडमनी त्या ठरावाची वहीतून सही-शिक्क्याची नक्कल मागितली. नक्कल द्यायला गेले तर वहीच नाही.

"ठरावकाका मॅडमच्या बाजूचे आहेत," कुलसचिव म्हणाले. "वही नसली की ठरावावर शंका घेता येते. एवढं साधं आहे साहेब."

मला ते पटले. अर्जाचा पहिला कागद वाचून मी 'चौकशी करावी' असा शेरा मारला. जोडलेली प्रत वाचली नाही. आमच्याकडे जोडपत्रे टाचणीखालीच राहतात. ही माझी पहिली चूक, आणि ती सगळ्यांत लहान.

दोनच दिवसांत बातमी मिळाली. विद्यापीठाच्या गेटवर उभा राहणारा एक रिक्षावाला आमच्या हवालदारांच्या ओळखीचा होता. तो म्हणाला, "सभेच्या दिवशी, शनिवारी, काका माझ्याच रिक्षात बसले. छातीशी पिशवी धरलेली. मी म्हटलं, काका, ठेवा की सीटवर, सांडत नाही काय. तर म्हणाले, ही खाली ठेवायची नसते."

एवढे मला पुरेसे वाटले. मी ठरावकाकांना ठाण्यात बोलावले.

निवृत्तीला वर्षभर राहिलेला, सडपातळ माणूस. पांढरा शर्ट, खिशाला एकच पेन, हातात छत्री. मी त्यांना तीन दिवस सकाळी दहा ते संध्याकाळी सहा समोरच्या बाकावर बसवून ठेवले. ठाण्याच्या दारातून आत बघणाऱ्या प्रत्येकाला दिसतील असे. हे मी मुद्दाम करायचो. अब्रूदार माणूस लोकांनी बघितल्यावर लवकर बोलतो, असा माझा अनुभव होता.

"पिशवीत काय होतं?"

"कच्ची वही, साहेब."

"म्हणजे?"

"सभेत मी कच्च्या वहीत लिहितो. रविवारी घरी बसून मसुदा नीट करतो. सोमवारी ऑफिसात पक्क्या वहीत उतरवतो. वीस वर्षं हेच करतो."

"या वेळी उतरवलंत?"

"उतरवलं. शेवटच्या ठरावाखाली रेघ मारली आणि कपाटात ठेवली. मंगळवारी गावात मयत झाली, म्हणून दोन दिवस आलो नाही. गुरुवारी बघतो तर वही नाही. कुलसचिव साहेबांना लगेच सांगितलं. म्हणाले, बघतो मी, तुम्ही कुठं बोलू नका."

"रेघ कसली?"

"शेवटचा ठराव संपला की पानावर जी जागा राहते, तिच्यावर तिरकी रेघ. नंतर कोणाला काही घालता येऊ नये म्हणून."

"कोण घालणार आहे?" मी हसून विचारले.

"घालणारे नसते तर रेघ कशाला लागली असती, साहेब?"

मला त्या उत्तराचा राग आला. आवाज चढवून विचारले, "सभेत ठरलं काय ते सांगा. मॅडमचं नाव ठरलं की नाही?"

त्यांनी मांडीवरची छत्री सरळ केली. मी टेबलावर हात आपटला. तेव्हा म्हणाले, "पुढच्या सभेत इतिवृत्त कायम होईपर्यंत आतलं बाहेर बोलायचं नाही. गुरुजींनी वही हातात देताना एवढं एकच सांगितलं होतं. तुम्ही लेखी मागा, मंडळाची परवानगी आणा, मी अक्षर न् अक्षर सांगतो."

एका वाक्यात सुटका होती आणि हा माणूस ते वाक्य बोलायला तयार नव्हता. मला वाटले, लपवतो आहे. हवालदार बाहेर गेल्यावर मला म्हणाले, "साहेब, याच्या तोंडावर चोरी मावत नाही हो."

"तुम्ही तोंडं बघू नका, कागद बघा," मी म्हणालो. कागद मी स्वतः बघितले नव्हते.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांना गाडीत घालून भुईगावला नेले. अजून केवळ अर्जावर चौकशी चालू होती. घराची झडती घ्यायचा अधिकार मला नव्हता. मी "घर दाखवा" एवढेच म्हणालो आणि त्यांनी मान हलवली.

गावाच्या तोंडाशी एक चिंच आहे. तिथून त्यांच्या घराकडे अरुंद गल्ली जाते. चिंच दिसल्यावर ते पुढे वाकून हळूच म्हणाले, "साहेब, गाडी इथं थांबवाल का? आत पायी जाऊ. पाच मिनिटं लागतील."

"सरकारी गाडी आहे. लपवायची कशाला?" मी म्हणालो आणि चालकाला सरळ आत घ्यायला सांगितले.

गल्ली एवढी अरुंद की गाडी दोन्हीकडच्या कुंपणांना घासत होती. विहिरीवरच्या बाया कळशा तशाच ठेवून उभ्या राहिल्या. ठरावकाका मागच्या सीटवर छत्री मांडीवर आडवी धरून समोर बघत बसले होते.

अंगणात सोनचाफ्याची झाडे होती. त्यांच्या बायकोने आधी पाणी आणले. "पानी घ्या साहेब, लांबून आलात." मग नवऱ्याकडे बघून तिला सगळे कळले. म्हणाली, "यांनी कचेरीची पेन्सिल पन कधी घरी आनली नाय. पोरं मागायची तर ओरडायचे. तुमाला कोनी सांगितलं हे?"

"अगं, वही दे त्यांना," ठरावकाका म्हणाले. "कच्ची. देव्हाऱ्याजवळची."

तिने फडक्यात गुंडाळलेली जाड वही आणून माझ्या हातात दिली. फडके परत मागितले नाही.

पंचनामा करायला दोन पंच हवे होते. गावातला एकही माणूस पंच व्हायला पुढे येईना. हवालदार दारोदार फिरत होते, तोवर मी गल्लीच्या वळणावरच्या क्रूसापाशी जाऊन उभा राहिलो. तिथे गावातल्या निधनाच्या सूचना लावायचा फळा आहे. एका म्हाताऱ्या माणसाचा फोटो होता. पांढरे केस, गळ्याशी बंद बटण. येत्या रविवारी चर्चमध्ये त्यांच्या महिन्याची मिस्सा, म्हणजे त्यांच्यासाठीची प्रार्थना होती. खाली निधनाची तारीख आणि वार. मंगळवार.

शेजारी एक म्हातारी येऊन उभी राहिली. "आमचे गुरुजी," ती म्हणाली. "तुमच्या गाडीत बसलाय ना, त्याला पन त्यांनीच शिकवला. तुमी बरं नाय केलं हां." आणि क्रूसाला हात लावून निघून गेली.

ठाण्यात परतलो तेव्हा चार वाजले असतील. पंचनामा अर्जाला जोडायला टाचणी काढली आणि कुलसचिवांची ती प्रत हातात आली. पहिल्यांदाच वाचली. सभा शनिवारची. ठराव क्रमांक एक: संस्थेचे आद्य संस्थापक गुरुजी यांच्या दुःखद निधनाबद्दल ही सभा तीव्र शोक व्यक्त करते. सर्व सदस्यांनी दोन मिनिटे उभे राहून श्रद्धांजली वाहिली.

मी भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेलो. बोटाने मोजले. सभा झाली त्या शनिवारी गुरुजी जिवंत होते. ते त्यानंतरच्या मंगळवारी गेले.

हवालदारांना बोलावून प्रत दाखवली. त्यांनी दोनदा वाचली आणि म्हणाले, "मग साहेब, गुरुजीपण सभेला आले असतील. सगळ्यांबरोबर दोन मिनिटं तेही उभे राहिले असतील." आम्ही दोघेही मोठ्याने हसलो. बाहेर बाकावर बसलेल्या ठरावकाकांनी आमचे हसणे ऐकले असणार. तेही मला आज बोचते.

मग कच्ची वही उघडली. चाफ्याचे फूल होते तिथे शनिवारची सभा होती. त्यात दुखवट्याचा ठराव नव्हता. कुलगुरुपदासाठी मॅडमच्या नावाची शिफारस, नऊ विरुद्ध चार मतांनी मंजूर. सूचक, अनुमोदक, दोघांची नावे. त्याखाली अर्धे पान कोरे आणि त्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक तिरकी रेघ. रेघ पट्टीने मारलेली नव्हती, तरी सरळ होती.

ठरावकाकांना मी त्या दिवशी घरी जायला सांगितले. का, ते सांगितले नाही. माफी मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी कुलसचिवांना बोलावले. चहा मागवला. त्यांचीच प्रत त्यांच्या हातात देऊन म्हणालो, "पहिला ठराव मोठ्याने वाचा."

ते वाचू लागले आणि 'दुःखद निधनाबद्दल' या शब्दांवर थांबले. प्रत त्यांनी टेबलावर पालथी ठेवली.

"अंत्यविधी बुधवारी होता," ते म्हणाले. "मीही त्यांचाच विद्यार्थी, साहेब. कबरीवर माती टाकून तसाच कुलपतींच्या बंगल्यावर गेलो. त्यांनी समोर कागद ठेवला, म्हणाले, सर्वाधिकाराचं लिहून काढ. आमच्याकडे पद्धत आहे, संस्थेचं कोणी गेलं की पहिला ठराव दुखवट्याचा. मी लिहायला बसलो आणि हात लिहीत गेला. खोटं लिहितोय हे डोक्यात होतं, तारीख नव्हती."

"खरी वही?"

"बंगल्यावर. त्यांच्या कपाटात. ऑफिसच्या कपाटाची दुसरी किल्ली माझ्याकडे होती, मीच नेऊन दिली."

"तेरा सभासदांपैकी एकालाही हे दिसलं नाही?"

"प्रत सगळ्यांना पाठवली आहे. वाचतं कोण? आणि मॅडमना मत दिलेले नऊ जणही कुलपतींशी वाकडं घेणार नाहीत. पुढच्या सभेत 'इतिवृत्त वाचले असे समजून कायम' म्हणतात आणि चहा येतो."

नोकरीत मला आरोपींबद्दल क्वचित वाईट वाटले. त्या माणसाबद्दल वाटले. गुरूला खरी श्रद्धांजली त्याने खोट्या कागदावर लिहिली होती.

चौथ्या दिवशी सत्य माझ्या हातात होते. आता कुलसचिवांचा जबाब लेखी घ्यायचा, बनावट दस्तऐवजाचा गुन्हा नोंदवायचा, बंगल्यावरून वही जप्त करायची. यासाठी एक दिवस पुरला असता. मी बारा दिवस काढले.

पहिल्यांदा वरून फोन आला. वरिष्ठ म्हणाले, "संस्थेचा घरगुती मामला दिसतोय. बघा जरा." नंतर कुलपती स्वतः ठाण्यात आले. मोठा माणूस, पण बोलायला गोड. खुर्चीवर बसले, हवालदारांची विचारपूस केली, ठाण्याच्या आवारातल्या झाडांचे कौतुक केले. उठता उठता म्हणाले, "तुमची मुलगी आमच्याकडेच आहे ना, फार्मसीला? शेवटचं वर्ष. हुशार आहे हो. प्राचार्य सांगत होते."

एवढेच. मला कोणी धमकावले नाही. धमकावले असते तर मी चिडलो असतो आणि कदाचित गुन्हा नोंदवला असता. त्यांनी माझ्या मुलीचे कौतुक केले आणि मी "आपली कृपा" म्हणालो.

मग मी तो शेरा लिहिला. अजून पाठ आहे: 'सदर बाब संस्थेच्या अंतर्गत प्रशासनाशी निगडित असल्याचे दिसून येते. अर्जदार यांनी पुढील कार्यवाही नको असल्याचे लेखी दिले आहे. गैरअर्जदार यांच्या घरी मिळून आलेली वही संस्थेची असल्याने ती कुलसचिव यांच्या ताब्यात देण्यात आली. अर्ज दप्तरी दाखल.'

वाचणाऱ्याने नीट बघावे. यात एकही शब्द असा नाही की ज्यासाठी मला कोणी पकडावे. पण 'घरी मिळून आलेली वही' असे लिहिल्यावर कोणालाही वाटेल की चोरीची वही त्यांच्या घरात सापडली. ती कच्ची वही होती, हे मी लिहिले नाही. मॅडमच्या बाजूचा जगातला एकमेव कागद मी ज्यांनी खोटा कागद केला त्यांच्याच हातात दिला आणि पोच घेतली.

वही घेऊन जाताना हवालदार दारात थांबले. "साहेब, झेरॉक्स काढून ठेवू का?"

"नको," मी म्हणालो.

ते हवालदार त्यानंतरही माझ्याबरोबर दीड वर्ष होते. तेवढेच अदबीने वागले. पण देवळाचा तो विनोद त्यांनी पुन्हा केला नाही आणि दुसराही कुठला केला नाही.

पुढचे सगळे माझ्या शेऱ्याच्या आधाराने झाले. ठरावकाकांनी निवृत्तीच्या वर्षभर आधी 'स्वेच्छेने' राजीनामा दिला. मॅडम नक्कल मागून मागून थकल्या आणि दुसऱ्या शहरातल्या कॉलेजात गेल्या. जावई कुलगुरू झाले. माझी मुलगी पहिल्या वर्गात पास झाली. ती तिच्या अभ्यासाने झाली, हे मला माहीत आहे. पण तिच्या पदवीदान समारंभाचा फोटो मी घरात लावू दिला नाही आणि का, ते तिला कधी सांगता आले नाही. हे वाचून तिला कळेल.

कुलपतीही आता नाहीत. मंडळाने दुखवट्याचा ठराव केला असेलच. या वेळी वेळेवर.

गेल्या हिवाळ्यात वसईच्या बाजारात एका फुलवाल्यापाशी ठरावकाका दिसले. फुलांचे करंडे उतरवत होते. मी मान वळवण्याआधीच त्यांनी ओळखले आणि हात जोडून म्हणाले, "नमस्कार साहेब. तब्येत बरी?" मी नुसते हात जोडले आणि पुढे निघालो. दुसऱ्या दिवसापासून लिहायला बसलो. लिहून झाल्यावर पहिल्यांदा त्यांनाच दाखवायचे ठरवले. त्यांच्याबद्दलचा एक कागद त्यांना न दाखवता दप्तरात गेला होता, दुसरा जाऊ नये.

रिक्षा मी चिंचेपाशी सोडली. गल्लीतून पायी गेलो. खरोखर पाचच मिनिटे लागतात. क्रूस तिथेच आहे. चाफ्याची झाडे मात्र उंच झाली आहेत, आता फुलांना आकडी लावावी लागते. त्यांच्या बायकोने दारातून मला बघितले. या वेळी पाणी आणले नाही. खुर्ची मात्र पुसून दिली.

ठरावकाकांनी चष्मा लावला, खिशातले पेन काढले आणि ओटीवर बसून सगळी पाने सावकाश वाचली. मी अंगणाकडे बघत बसलो होतो. असा बाकावर बसून निकालाची वाट बघणारा माणूस मी हजारदा बघितला होता, आता मी तो होतो.

"दोन दुरुस्त्या आहेत," ते शेवटी म्हणाले.

"सांगा."

"वही तुम्हाला 'मिळाली' असं पुन्हा लिहिलं आहेत. मिळाली नाही. मी द्यायला सांगितली, हिनं आणून दिली."

मी तिथल्या तिथे खोडून दुरुस्त केले.

"दुसरी?"

"गाडीचं लिहिलं नाहीत."

मी खाली बघितले. ते मी खरोखरच लिहिले नव्हते. बाकावर बसवल्याचे लिहिले, अधिकार नसताना घरी गेल्याचे लिहिले, शेरा शब्दन् शब्द लिहिला. चिंचेपाशी त्यांनी काय मागितले होते ते मात्र गाळले होते.

"नोकरीचं काय, एक वर्षच राहिलं होतं," ते म्हणाले. "मॅडमचं मोठं नुकसान झालं, तुम्ही त्यांना एक प्रत पाठवा. पण मला विचाराल तर साहेब, मला ती गाडी आठवते. पाच मिनिटं चालायचं होतं फक्त."

आतून त्यांची बायको म्हणाली, "विहिरीवर पानी भरायला मी वर्षभर दुपारी जायचे. तेव्हा तिथं कोनी नसायचं. हे पन लिवा."

मी तेही लिहिले. वर वाचलेला गाडीचा मजकूर त्या ओटीवर बसून लिहिलेला आहे. या भेटीची पाने मात्र नंतर घरी लिहून जोडली आहेत.

त्या केसने मला काय शिकवले, असे आमच्या आठवणींच्या शेवटी सांगायचे असते. तपास कसा करावा हे मला तोवर येत होते. कागद शेवटपर्यंत वाचावा, हे मी त्या दिवसानंतर कधी विसरलो नाही. पण गुन्हेगार शोधून काढला की पोलिसाचे काम संपत नाही, हे मला उशिरा कळले. जे सापडले ते जसेच्या तसे लिहून ठेवणारा माणूस आमच्या खात्यात असावा लागतो. मंडळाला असा एक माणूस होता. पगाराने सगळ्यांत लहान, मत द्यायचा अधिकार नाही, सभेत बोलायची परवानगी नाही. तेरा मोठ्या माणसांची वही तो एकटा राखत होता आणि मी त्याला तीन दिवस बाकावर बसवले.

या लेखाची एक प्रत विद्यापीठाच्या आजच्या नियामक मंडळाला, एक मॅडमना आणि एक माझ्या जुन्या ठाण्याला पाठवत आहे. दप्तरी दाखल झालेल्या त्या अर्जाला ती जोडावी, अशी विनंती केली आहे. जोडपत्र वाचले जाईलच असे नाही. तरी असू दे.

त्यांनी मला माफ केले का, हे मी विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. निघताना मी पाने गोळा करू लागलो तेव्हा त्यांनी शेवटचे पान हातातून सोडले नाही. पानाचा खालचा अर्धा भाग कोरा होता. त्यांनी ते गुडघ्यावर ठेवले, पेनचे टोपण काढले आणि कोऱ्या जागेवर एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ मारली. हात आता थोडा कापतो त्यांचा. रेघ मधे जरा हलली आहे.

"आता पाठवा," ते म्हणाले.